कपूरकाचरी, कचोरा, शटी: नेमकं काय?

प्रश्न: 'कचोरा (कपूरकाचरी) हे नैसर्गिक प्रतिजैविक आहे' असं वाक्य वाचनात आलं. ही दोन्ही नावं एकाच वनस्पतीची का? आणि इथे 'प्रतिजैविक' चालेल?

प्रतिसाद: नावं वेगवेगळ्या वनस्पतींची. कुळ तेवढं एक, आल्याचं. कचोरा म्हणजे हळदीच्या प्रजातीतला कर्क्युमा झेडोआरिया, संस्कृतात कर्चूर. कपूरकाचरी म्हणजे हिमालयात उगवणारी हेडिकियम स्पायकेटम, आपल्या सोनटक्क्याची बहीण. तिच्या वाळक्या कंदाचे गोल काप येतात, आतून पांढरे, कडेला तांबूस साल. वास दोन्हींना कापराच्या जवळचा, म्हणून घोटाळा.

प्रतिसाद: घोटाळ्यात 'शटी' या संस्कृत नावाचाही हात आहे. चरकाच्या श्वासहर गणातल्या, म्हणजे धाप-दम्यावरच्या औषधींच्या गटातल्या, दहा द्रव्यांत पहिलं नाव शटीचं. हल्ली शटी म्हणजे कपूरकाचरी धरतात, पण काही जण कचोऱ्यालाही शटी म्हणतात. दमा, खोकला, उचकी यांवरच्या औषधाच्या पाठात नुसतं 'शटी' वाचून कंद निवडू नये.

प्रश्नकर्ता: काचरी म्हणजे काप, म्हणून हे नाव पडलं का?

प्रतिसाद: कानाला गोड लागतं, पण एवढ्यावर व्युत्पत्ती रचू नका.

प्रतिसाद: 'प्रतिजैविक'बद्दल. तो शब्द अँटिबायोटिकसाठी रुळलाय. ऐकणाऱ्याला वाटतं, मात्रा ठरलेलं औषध आहे, गोळीऐवजी घेता येईल. इथे तसं काही नाही. कपूरकाचरीच्या तेलात सिनिओलसारखी सुगंधी द्रव्यं असतात. प्रयोगशाळेत बशीत वाढवलेल्या जिवाणूंवर असं तेल टाकलं की भोवती वाढ न झालेलं वर्तुळ दिसतं, ते मिलिमीटरमध्ये मोजतात. एका रंगचाचणीवरून जिवाणूंचे ग्रॅम-पॉझिटिव्ह आणि ग्रॅम-निगेटिव्ह असे दोन गट पाडतात. सुगंधी तेलांपुढे स्टॅफिलोकोकससारखे ग्रॅम-पॉझिटिव्ह जिवाणू सहसा लवकर नमतात. ग्रॅम-निगेटिव्हांना बाहेरून आणखी एक आवरण असतं, ते तेलाला अडवतं. बरं, त्या वर्तुळावरून जिवाणू मेले की नुसते वाढायचे थांबले, हेही कळत नाही. मेले तर जंतुनाशक, थांबले तर जंतुरोधक. आणि प्रयोग तेलाचा; काढ्यात किंवा चूर्णात तेच द्रव्य तेवढंच उतरेल याची हमी नाही.

प्रश्नकर्ता: मग वाक्य कसं लिहावं?

प्रतिसाद: 'कपूरकाचरीच्या तेलाभोवती जिवाणूंची वाढ होत नाही, असं प्रयोगशाळेत दिसलं आहे.' कंस काढून टाका. 'नैसर्गिक' तर पहिल्यांदा काढा, त्याने अर्थात काहीच भर पडत नाही.