मदत हवी आहे: शॉर्ट केलेला (हातात नसताना आधी विकलेला) शेअर अप्पर सर्किटला अडकला, परत घेता येत नाही

गुहागरकर_०७ (दु. ३:४८)
आजच उत्तर हवंय. सकाळी एक शेअर ३९६ला विकला, २५० नग. दुपारी अप्पर सर्किट लागलं, म्हणजे भाव दिवसाच्या कमाल मर्यादेला पोचला, विकणारा कुणी उरला नाही आणि परत घेताच येईना. पोझिशन अजून वजा दिसतेय. पीई (भाव भागिले प्रति शेअर नफा) १४० आहे, दोन तिमाह्या नफा घसरलाय, या भावाला शेअर टिकूच शकत नाही. उद्या पडणारच. उद्या घेतला तर चालेल ना? ब्रोकरचा फोन लागत नाही.

मालवणी_माणूस
तू काय म्हणतंस तां कळूक नाय. इंट्राडे की फ्युचर? शेअर तुझ्याकडे होते काय नाय?

गुहागरकर_०७
शेअर नव्हते, म्हणून तर शॉर्ट! इंट्राडे, आजच्या आज परत घ्यायचा होता. सर्किट १० टक्के, काल ३८०, आज ४१८ला बंद.

रत्नागिरी_ट्रेडर
घाबरू नका. उद्या बाजार उघडताच घेऊन टाका, हिशोब बरोबर.

जुना_सबब्रोकर
चुकीचा सल्ला देऊ नका. उद्या घेतलेले शेअर परवा मिळणार, द्यायचे आहेत उद्या. टी प्लस १ सेटलमेंट आहे, म्हणजे सौद्यानंतरच्या कामकाजाच्या दिवशी शेअर द्यायचे. शेअर दिले नाहीत की एक्स्चेंज उद्याच ऑक्शन करतं, म्हणजे तुमच्या खर्चाने दुसऱ्याकडून ते शेअर घेतं. तिथेही विकणारा मिळाला नाही तर क्लोजआउट, म्हणजे शेअरऐवजी रोख हिशोब: सौद्याच्या दिवसापासून ऑक्शनपर्यंतचा सर्वांत वरचा भाव किंवा ऑक्शनच्या दिवशीच्या बंद भावावर २० टक्के, यात जास्त असेल तो. उद्याही सर्किट लागलं तर बंद ४५९.८०, त्यावर २० टक्के म्हणजे ५५१.७६. तुमचा तोटा ३८,९४०, दंड वेगळा.

रत्नागिरी_ट्रेडर
इतकं टोकाचं क्वचितच होतं. मी दोनदा ऑक्शनला गेलोय, थोडक्यात सुटलो.

जुना_सबब्रोकर
तुमच्या शेअरला तेव्हा विकणारे होते. याला आज एकही नव्हता.

पावसचा_बागायतदार
आमच्याकडे मोहोर बघून आंब्याचा सौदा होतो. एका वर्षी मी पेट्या कबूल केल्या आणि अवकाळीने मोहोर काळा पडला. बाजारातून महाग आंबा घेऊन शब्द पाळला. आंबा महाग आहे हे माझं मत तेव्हाही बरोबर होतं. द्यायच्या दिवशी हातात माल नव्हता, तिथे मी बुडालो.

ऑप्शन_गुरू_कणकवली
महाग वाटणाऱ्या शेअरवर पुट (ठरल्या भावाला विकायचा हक्क देणारा ऑप्शन) घ्यायचा. तोटा प्रीमियमपुरता, म्हणजे त्याला मोजलेल्या किमतीपुरता.

मालवणी_माणूस
एफ अँड ओमधल्या (फ्युचर-ऑप्शन असलेल्या) शेअरला असा ठराविक सर्किट नसता. म्हणजे ह्याका ऑप्शनच नाय. आणि सेबीचोच अभ्यास आसा, तीन वर्षांत एफ अँड ओमधले १०० पैकी ९३ लोक तोट्यात.

करसल्लागार
इंट्राडेचा तोटा सट्टा व्यवसायाचा धरला जातो, चार वर्षं पुढे नेता येतो. रिटर्न मुदतीत भरा.

गुहागरकर_०७
कराचं मार्चनंतर बघू हो! आत्ता करू काय?

जुना_सबब्रोकर
घरात, नात्यात कोणाकडे हाच शेअर आहे का? त्यांच्या डीमॅटमधून ऑफमार्केट (बाजारात सौदा न करता थेट) तुमच्या खात्यात आले, तर सकाळी पे-इनला (एक्स्चेंजला शेअर द्यायच्या वेळी) देता येतील.

गुहागरकर_०७
मामांकडे आहेत, चिपळूणला. २०० तरी असतील. त्यांनीच हे नाव सांगितलं होतं, घे म्हणून. मला भाव फार वाटला, म्हणून विकला.

जुना_सबब्रोकर
मग उठा. २०० दिलेत तर ऑक्शन ५०चंच. पे-इनची वेळ ब्रोकरकडून आज रात्रीच विचारून घ्या, चुकली तर सगळं वाया. आणि मामांना शेअर परत द्यायचेत, ते तेव्हाच्या भावाने घ्यावे लागतील, हे आधीच कबूल करा.

गुहागरकर_०७ (दु. ४:३१)
मामांना फोन झाला. शेअर ट्रान्सफरचं स्लिपबुक काढून ठेवतायत. त्यांच्या ब्रोकरची शाखा घराजवळच आहे. बाईकने निघतोय.

जुना_सबब्रोकर
स्लिपवर आयएसआयएन (शेअरचा ओळख क्रमांक) आणि तुमचा डीमॅट नंबर दोघांनी मोठ्याने वाचून लिहा. एक आकडा चुकला की स्लिप परत येते. घाटात पाऊस आहे, सावकाश जा.