चर्चा: ठाण्याने समुद्राचं पाणी गोडं करून प्यावं का?

घोडबंदरवाला: एप्रिल लागला की आमच्या गेटवर टँकर. वॉचमन वहीत वेळ टिपतो, ड्रायव्हर पाइप टाकीत सोडतो, आणि महिनाअखेर मेंटेनन्सवरून मीटिंगमध्ये खडाजंगी. मुंबई महापालिकेने मनोरीला रोज २० कोटी लिटरचा निःक्षारीकरण (समुद्राचं पाणी गोडं करण्याचा) प्रकल्प आखलाय. चेन्नईजवळ मिंजूरला २०१० मध्येच असा प्रकल्प सुरू झाला. मग आपणच भातसा धरणाकडे डोळे लावून किती वर्षं बसायचं? पावसाने दडी मारली तरी समुद्र आटत नाही.

ऐरोलीकर: अहो, मनोरीला उघडा समुद्र आहे. आपल्या खाडीत गाळ आणि सांडपाणी, आत पाणी नीट खेळतसुद्धा नाही. फिल्टर सारखे तुंबणार. आणि मागे उरलेलं जास्त खारट पाणी सोडणार कुठे? फ्लेमिंगोंच्या अंगावर? २०२२ पासून ठाणे खाडी रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा आहे. शिवाय हजार लिटरला साधारण ३ ते ४ युनिट वीज, म्हणजे २० कोटी लिटरला रोज ६ ते ८ लाख युनिट! त्यापेक्षा ऐरोली-कोपरखैरण्यासारखं सांडपाणी शुद्ध करून कारखान्यांना द्या, तेवढं धरणाचं पाणी वाचेल.

घोडबंदरवाला: वीज महाग, मान्य. टँकर काय फुकट येतो? नवी मुंबईचं मोरबे धरण हाताशी असलेल्यांनी आम्हाला काटकसर शिकवू नये.

शहापूरकर: दोघंही शहराचंच बोलताय. भातसा, तानसा आमच्या तालुक्यात, आणि उन्हाळ्यात आमच्याच पाड्यांवर टँकर. टँकर विहिरीत ओतला की बाया हंडे घेऊन तुटून पडतात. नाशिक-नगरच्या धरणांतून जायकवाडीला पाणी सोडावं लागतं, कारण राज्याच्या २००५ च्या जलसंपत्ती कायद्यात समन्यायी वाटप, म्हणजे वरच्या-खालच्या सगळ्यांना न्याय्य वाटा आहे. तोच न्याय आमच्या पाड्यांना लावा की! प्रकल्पाला माझा पाठिंबा आहे, एका अटीवर: समुद्राचं जेवढं पाणी गोडं कराल, तेवढं भातसाचं आमच्यासाठी सोडायचं. नाहीतर त्या पाण्यावर नवे टॉवर उठतील, आम्ही आहोत तिथेच.

खारघरकर: शहापूरकरांशी सहमत. इस्रायल एवढं समुद्राचं पाणी गोडं करतो, तरी यार्मुक नदीच्या वाट्याचा १९९४ चा जॉर्डनशी झालेला करार आहेच. समुद्र हाताशी आला म्हणून नदीचा हिशोब सुटत नाही.

घोडबंदरवाला: हिशोब करू की, हरकत नाही. आधी प्रकल्प तर होऊ दे, वाटप मग बघू.

शहापूरकर: आधी लेखी द्या, दादा. धरणाच्या वेळीही 'मग बघू' असंच ऐकलं होतं.