प्रेस आली की ड्रिबल मारत सुटू नका

नेरूळकर: काल बास्केटबॉलच्या या ग्रुपवर कुणीतरी सल्ला दिला, 'फुल कोर्ट प्रेस (पूर्ण कोर्टभर अंगावर येणारा डिफेन्स) आली की बॉल बेस्ट हँडलरला, म्हणजे ड्रिबल पक्कं असलेल्याला द्या, तो काढेल वाट.' डोकंच फिरलं. ट्रॅपला, म्हणजे दोघांनी मिळून बॉलवाल्याला घेरण्याला, नेमकं तेच हवं असतं! साइडलाइन आणि हाफलाइनच्या कोपऱ्यात पोरगं सापडलं की त्या दोन रेषाही त्याच्यावर डिफेन्स करतात. प्रेस मोडते पासने. एक जण पास घ्यायला झटकन मध्ये (फ्लॅश), एक साइडलाइनला पुढे, एक बॉलच्या मागे. मध्ये पास मिळाला की वळून आधी पुढे बघायचं. दोन्ही ट्रॅपर मागे राहिलेले असतात.

वाशी_गार्ड: हाफलाइन ओलांडायच्या ८ सेकंदांत एवढं सगळं? ५ तर बॉल आत टाकण्यातच जातात.

नेरूळकर: ते ५ वेगळे. ८ मोजतात ते आत बॉल हातात आल्यावर. शिवाय बास्केट झाल्यावर इनबाउंडरला (बॉल आत टाकणाऱ्याला) बेसलाइनवर, म्हणजे रिंगमागच्या रेषेवर, पळता येतं. किती पोरांना शिकवलंय हे?

ठाण्याची आई: पोरांना शिकवायच्या गोष्टी सोडा. माझ्या मुलीच्या अंडर-१४ मॅचला समोरचे ३० ने पुढे, तरी शेवटपर्यंत ट्रॅप. पोरगी रडत बाहेर आली. याला कोचिंग म्हणतात?

वाशी_गार्ड: मॅडम, प्रेस हेच उंचीने लहान टीमचं शस्त्र आहे. १९६४ साली कोच जॉन वुडनच्या यूसीएलए या अमेरिकन कॉलेज टीमने २-२-१ झोन प्रेसवर (पुढे दोन, मध्ये दोन, मागे एक) एकही मॅच न हरता किताब जिंकला. स्टार्टिंग फाइव्हमध्ये ६ फूट ५ इंचांपेक्षा उंच कुणी नव्हतं.

ठाण्याची आई: ते कॉलेजचे होते! इथे तेरा वर्षांच्या मुली आहेत.

ऐरोली सेंटर: दोघं भांडताय कशावर? प्रेसब्रेक (प्रेस मोडायची चाल) बसवायला पूर्ण २८ मीटर कोर्ट लागतं. आमच्या सोसायटीत एकच रिंग, त्यातही संध्याकाळी पिकलबॉलवाले नेट लावून बसतात. हाफ कोर्टवर वाढलेली पोरं प्रेस बघून घाबरणारच.

वाशी_गार्ड: पिकलबॉलवाल्यांचं नाव काढू नका. आमच्या मैदानावर तर बॉक्स क्रिकेटची जाळी बसली, तासाचे पैसे. बास्केटबॉलला सकाळी सहाचा स्लॉट!

ठाण्याची आई: सहाला तरी मिळतो. मुलींना तोही नाही, मुलांची टीम आधीच उभी असते.

नेरूळकर: कोर्टाचं रडगाणं खरं आहे, पण मधल्या माणसाकडे पास द्यायला हाफ कोर्टवरही शिकवता येतं. पाच जणांवर सात डिफेंडर सोडा, ड्रिबल बंद. करून बघा.

वाशी_गार्ड: बरं, सात डिफेंडरवाला ड्रिल पटला. पण हँडलरशिवाय प्रेस मोडते हे मी नाही मानणार. मधला पास चुकला की समोरच्यांचा सरळ लेअप (रिंगजवळचा सोपा शॉट) बसतो.

ठाण्याची आई: आणि ३० ने पुढे असताना प्रेस काढायची की नाही, त्याचं उत्तर अजून कुणी दिलेलं नाही.