मदत हवी आहे: कंपनी बुडाली तर राहतं घर पण जातं का?

नमस्कार मंडळी, घाईत लिहितोय, चुकलं तर समजून घ्या. माझी छोटी प्रायव्हेट लिमिटेड कंपनी आहे, डायरेक्टर मी आणि बायको. एका मोठ्या पार्टीचं पेमेंट अडकलं, त्यापायी सप्लायरचे पैसे थकले, आता बँकेचे हप्ते पण थकलेत आणि दिवाळखोरीशिवाय मार्ग दिसत नाहीये. लिमिटेड म्हणजे कंपनीचं देणं कंपनीपुरतं असंच मी धरून चाललो होतो, पण परवा लोनची फाईल काढली तर शेवटून दुसऱ्या पानावर जामीनदार म्हणून माझी वैयक्तिक सही. त्या दिवशी पानं उलटत सह्या करत गेलो होतो, ही कधी केली आठवत पण नाही.

घर गहाण नाही, दोघांच्या नावावर आहे. मेहुणा म्हणतोय तुमचा हिस्सा लगेच ताईच्या नावावर बक्षीसपत्र करून टाका. करू का? आणि एक मशीन लीजवर आहे, शिवाय माझी अवजारं, जी कंपनीच्या आधीपासूनची आहेत, ती पण जातील का?

प्रतिसाद:
दादा, बक्षीसपत्र अजिबात करू नका! देणं फिटत नसताना घरच्यांना फुकट दिलेली मालमत्ता कोर्ट रद्द करून परत घेऊ शकतं, आणि लपवाछपवी दिसली की पुढे कर्जातून सुटका मिळणं पण अवघड होतं. लिमिटेडबद्दल तुमचं चुकलं नव्हतं, १८९६ च्या ब्रिटनमधल्या सॉलोमन खटल्याच्या निकालापासून कंपनी ही मालकापेक्षा वेगळी व्यक्ती हेच तत्त्व चालत आलंय. पण जामीन दिला की बँक थेट तुमच्याकडे येऊ शकते. सप्लायरना तसं काही लिहून दिलं नसेल तर ते साधारणपणे कंपनीकडेच मागणार. घर गहाण नाही हे बरं आहे, पण तुमचा हिस्सा धोक्यात येऊ शकतो, बायकोने जामीन दिला नसेल तर तिचा हिस्सा तिचाच. राहत्या घराला किती संरक्षण ते ज्या त्या देशाच्या कायद्यावर आहे, वकिलाला पहिलं हेच विचारा. लीजचं मशीन मालकाचं, ते बहुधा परत जाईल. अवजारांची जुनी बिलं मात्र आजच शोधा, कंपनीच्या जागेत पडलेली वस्तू कंपनीची म्हणूनच यादीत जाऊ शकते.

धागाकर्ता:
खूप आभार. तीन बिलं सापडली, माझ्याच नावाची आहेत, एकाची शाई पार उडालीये तरी नाव वाचता येतंय. मेहुण्याला नाही म्हणून कळवलं. बायकोला फाईल अजून दाखवली नव्हती, आज दाखवतो, तिची कुठे सही आहे का ते दोघं मिळून बघतो.