जुना व्हिडिओ गेम दुरुस्त करू की एम्युलेटरच पुरे?

माळा आवरताना परळच्या चाळीतला माझा नव्वदच्या दशकातला व्हिडिओ गेम सापडला. सोबत पिवळी ‘९९९९ इन १’ कॅसेट (गेम आठच, बाकी नुसती नावं बदललेली). लाल दिवा लागतो, पण पडद्यावर करडे चौकोन. फुंकर मारली की मारिओ दोन मिनिटं येतो आणि जातो. लेक म्हणते, “बाबा, फोनवर एम्युलेटर (जुने गेम चालवणारं ॲप) फुकट आहे की!” असेल, पण काचेवर अंगठ्याखाली बटणच लागत नाही. शिवाय बदकं मारायची बंदूक एलईडी टीव्हीवर चालेना. खर्च करू का?

परळकर७७

---

आधी ती फुंकर बंद करा! ओलाव्याने कॅसेटच्या पिना गंजतात. लॅमिंग्टन रोडच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारातून आयसोप्रोपिल अल्कोहोल आणा, कापसाच्या इअरबडने पिना पुसा. बंदूक ठीक असेल. चाप ओढला की पडदा क्षणभर काळा होतो, मग बदकाच्या जागी पांढरा चौकोन. नळीतला सेन्सर तो उजेड त्याच क्षणी शोधतो. एलईडी चित्र उशिरा दाखवतो, नेम हुकतो. डबा टीव्हीच हवा.

सोल्डरवाला

---

वन बीएचकेत डबा टीव्ही ठेवायचा कुठे, डोक्यावर? लॅपटॉपवर एम्युलेटर आणि यूएसबी कंट्रोलर घ्या. हवं तिथे गेम सेव्ह होतो. १९८५चा मारिओ मी असाच संपवला, लाज नाही.

लोकलमधला लुईजी

---

पुसलं. इअरबड काळाकुट्ट! कॉन्ट्रा हा गेम लागला, लेकीने पहिल्याच पुलावर तीनही जीव घालवले. डबा टीव्ही मात्र गेल्या दिवाळीत भंगारवाल्याला २०० रुपयांत दिला. शिव्या नकोत, बायकोने घातल्यात.

परळकर७७