फ्लेक्सवर नोकरी, हिशेबाला ‘संधी’

केटीमुक्त:
इंजिनीअरिंग कॉलेजांच्या प्लेसमेंटवर काल झालेल्या चर्चेत एका माजी टीपीओ (ट्रेनिंग-प्लेसमेंट ऑफिसर) सरांनी लिहिलं, ‘प्लेसमेंट सेल संधी आणतो, नोकरी लावत नाही. पोरं सातव्या सेमपर्यंत झोपतात आणि मग आमच्या नावाने बोंबलतात.’ उत्तर लांबलं, म्हणून वेगळा धागा.

सर, मग कॅप राउंडच्या, म्हणजे प्रवेशाच्या दिवसांत चौकाचौकात फ्लेक्स कशाचे लागतात? सगळ्यात मोठ्या पॅकेजवाल्या पोराचा फोटो आणि खाली ‘१०० टक्के प्लेसमेंट’. एनआयआरएफला (सरकारी कॉलेज-क्रमवारीला) पगाराचा मध्यक भरून देता ना, तो छापा की फ्लेक्सवर!

आणि ते ‘एक विद्यार्थी, एक ऑफर’. आमच्याकडे पहिल्याच मास रिक्रूटरची (घाऊक भरती करणाऱ्या कंपनीची) साडेतीन लाखांची ऑफर आली की पुढच्या कंपन्यांना बसायचं नाही. रूममेटचं जॉइनिंग लांबत लांबत वर्षावर गेलं. तो गावी बसून मेल रिफ्रेश करत होता आणि सेलच्या तक्त्यात मात्र ‘प्लेस्ड’.

माजी_टीपीओ:
तो सर मीच. एक ऑफरचा नियम नसता तर पहिल्या दहा पोरांनी चार-चार ऑफर खिशात घातल्या असत्या आणि तुझ्या रूममेटला तेवढीही मिळाली नसती. एचआरला फोन केला की पहिला प्रश्न येतो, ‘सिक्स्टी थ्रूआउट किती?’, म्हणजे दहावीपासून डिग्रीपर्यंत सगळीकडे साठ टक्क्यांवर असलेले किती. मी आकडा सांगितला की पलीकडून फोन ठेवतात. मॉक इंटरव्ह्यूला नाव नोंदवून किती जण येतात, तेही लिही.

पॉलीवाला:
थ्रूआउटचा विषय निघालाच आहे तर सांगतो. मला दहावीत ५८, डिप्लोमाला ८१, डिग्रीला साडेआठ पॉइंटर. तरी गूगल फॉर्मच उघडत नाही. पंधराव्या वर्षी भूमिती सुटली नाही, त्याची शिक्षा बाविसाव्या वर्षी?

इन्स्ट्रु_२०२५:
डिप्लोमावाल्यांनी रडू नये. डायरेक्ट सेकंड इयरला येता, एम-थ्रीला (गणिताच्या तिसऱ्या पेपरला) गचके खाता आणि वर सहानुभूती.

पॉलीवाला:
तुम्ही २०२१ ची बारावी ना? परीक्षाच झाली नाही आणि राज्याचा निकाल ९९.६३ टक्के! त्या मार्कांवर तुम्ही क्रायटेरियात बसता आणि अक्कल आम्हाला शिकवता?

इन्स्ट्रु_२०२५:
परीक्षा मी रद्द केली नव्हती, कोरोना होता. माझी आजी त्याच एप्रिलमध्ये गेली, त्यामुळे ‘फुकटचे मार्क’ हे मला ऐकवू नका. आणि मार्क कसे काढले ते तरी माहीत आहे का? दहावीचे ३० टक्के, अकरावीचे ३०, बारावीच्या अंतर्गत मूल्यमापनाचे ४०.

केटीमुक्त:
म्हणजे त्या बॅचला थ्रूआउटमध्ये दहावी दोनदा मोजली गेली. वा!

इन्स्ट्रु_२०२५:
...हे माझ्या लक्षात आलं नव्हतं. तरी डिप्लोमाबद्दलचं मत तेच.

पॉलीवाला:
आजीचं वाचून वाईट वाटलं. बाकी एक शब्द मागे घेत नाही.

बीए_अर्थशास्त्र:
तुमच्याकडे भांडायला सेल तरी आहे. आमच्या तालुक्याच्या आर्ट्स कॉलेजात प्लेसमेंट सेल म्हणजे कपाटातली फाइल. कॉलेजला दर्जा देणाऱ्या नॅकची टीम यायची असली की पाचव्या निकषासाठी (विद्यार्थ्यांना काय मदत केली ते दाखवायला) धूळ झटकतात. शेवटी मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षणातून सहा महिने १०,००० वर एका कार्यालयात बसलो. तेही वर्तमानपत्रात वाचून, कॉलेजकडून नाही.

केटीमुक्त:
सर, यावर बोला. थ्रूआउट नको म्हणून एचआरशी भांडलात कधी?

माजी_टीपीओ:
दोनदा. एक कंपनी ५५ वर आली, दुसरी पुढच्या वर्षी शेजारच्या कॉलेजात गेली आणि मॅनेजमेंटने जाब मला विचारला. बरं बाबा, साठची अट मूर्खपणाची आहे, घे लिहून. फ्लेक्स मात्र मॅनेजमेंट लावतं, मी नाही.

केटीमुक्त:
मग त्यावर टीपीओचा फोटो कसा असतो?

माजी_टीपीओ:
तो विचारून लावत नाहीत.

पॉलीवाला:
आणि माझा एम-थ्री पहिल्या फटक्यात निघाला. मार्कशीट टाकू?