फोंड्याचं गोदाम पुरे, की म्हापशालाही गाळा घेऊ?

फोंडा_पिकअप:
माझ्या दोन पिकअप. पेडणे, म्हापसा, डिचोली, पणजी, फोंडा, वास्को, मडगाव, काणकोण या आठ गावांची पार्सलं घेतो. संध्याकाळी सगळा माल फोंड्याला, रात्री वेगळा करायचा, सकाळी वाटायचा. आठ गावांच्या २८ जोड्या होतात, प्रत्येकीला थेट गाडी कोण घालणार? वडिलांपासून हेच चालू. पण परवा पेडण्याचं काजूचं खोकं म्हापशाला जायचं होतं, ते फोंड्यात रात्रभर झोपलं! गिऱ्हाईक म्हणालं, "एवढ्यात मी चालत जाऊन आणलं असतं." म्हापशाला एक गाळा बघितलाय. घेऊ? की मडगावला बघू?

निवृत्त_मास्तर:
याला पी-हब मीडियन म्हणतात: माल गोळा करून वाटायची ठरावीक ठाणी, म्हणजे हब, कुठे ठेवली की एकूण खर्च कमीत कमी येईल. मॉर्टन ओ'केली यांनी १९८७ मध्ये अमेरिकेतल्या शहरांच्या विमान वाहतुकीवर ते मांडलं. मर्म एवढंच की दोन हबांमधली गाडी भरून धावली तर किलोमागे खर्च घटतो. तुमची म्हापसा-फोंडा गाडी अर्धी रिकामी जाणार असेल तर दुसरा हब म्हणजे नुसतं भाडं. आठातून दोन हब निवडायचे प्रकार पुन्हा २८च. उरलेली सहा गावं कुणाला जोडायची, याचे दर वेळी ६४. एकूण १,७९२. संगणक चुटकीसरशी तपासेल, पण कुठून कुठे किती माल जातो ते आधी पावत्यांवरून काढा.

रस्ता_पाठ:
मास्तर, किलोमीटर नको, मिनिटं भरायला सांगा. बोरीच्या पुलावर एक ट्रक बंद पडला की मडगाव कुठच्या कुठे जातं. उलट झुआरीच्या नव्या पुलामुळे वास्को पणजीला जवळ आलंय. आणि माटोळीच्या, म्हणजे गणपतीवर टांगायच्या फळाफुलांच्या, सामानाची चवथीआधीची गर्दी धरून गाळा घेऊ नका हां, ती आठवड्याभराची.

फोंडा_पिकअप:
पावत्या काढल्या, बायकोने तक्ता केला. पेडणे, म्हापसा, डिचोली यांचा आपापसातलाच माल निम्म्याहून जास्त! मडगाव बाद. गाळाही तूर्त नको. एक पिकअप संध्याकाळी म्हापशाला उभी करतो, तिकडचा माल तिथेच वाटतो, उरलेला फोंड्याला आणतो. फक्त पणजीचं काय करू? तिचा माल दोन्हीकडे सारखाच.

निवृत्त_मास्तर:
दोन्हीकडे जोडा. एका गावाला एकच हब, अशी सक्ती नाही. उत्तरेचं पार्सल म्हापशाहून, बाकीचं फोंड्याहून. मात्र पावतीवर ठळक लिहा, नाहीतर हमाल दोन्हीकडे शोधत बसेल.

फोंडा_पिकअप:
हमाल मीच, मास्तर.